इतवारी ते नागभीड : छोट्या लाईनीची टेसने

नागपूरहून अमरावतीच्या सडकेने निघालात म्हणजे शहराची दाट वस्ती मागे पडते न पडते तोच वाडी लागते. दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टची गोदामे, रांगेने उभे असलेले ट्रक, मालाची चढउतार, चहाच्या टपऱ्या. या गावाला हमरस्त्याने मोठे केले. रेल्वेचे टेसन मात्र वाडीला नाही. शाळेतल्या एखाद्या चौकस मुलाने रेल्वेच्या वेळापत्रकात ‘वाडी’ हे नाव शोधले तर त्याला ते सापडेल, पण ती आपली वाडी नव्हे. ती कर्नाटकातल्या कलबुरगी जिल्ह्यातली. मुंबईहून मद्रासेकडे जाणाऱ्या लाईनीवर ते गाव आहे. १८७४ साली निजामाच्या राज्यातली सिकंदराबादची लाईन तिथून फुटली आणि त्या लहानशा वस्तीचे नाव हिंदुस्थानभरच्या तिकीटखिडक्यांवर जाऊन पोचले. नाव एकच, पण एका वाडीला रुळांनी ओळख दिली आणि दुसरीला सडकेने.

एखाद्या गावाचे आणि रेल्वेचे नाते कशावरून ठरते? गावात गाडी थांबते की नाही, एवढ्यावरून आपण बहुतेक जण ते ठरवतो. माझ्या मते तेवढे पुरे नाही. टेसनावरून पुढे कुठे जाता येते, आणि वाटेत कितीदा उतरून सामान डोक्यावर घ्यावे लागते, हे अधिक महत्त्वाचे. हे नीट समजायला नागपूरच्या पूर्वेकडे, इतवारीहून नागभीडकडे जाणाऱ्या लाईनीसारखे दुसरे उदाहरण नाही. पूर्व विदर्भातल्या लोकांनी तिला शंभरावर वर्षे ‘छोटी लाईन’ म्हणून ओळखले.

थोडे मागे जाऊ. मुंबई–ठाणे गाडी १८५३ साली धावली. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ भुसावळ, बडनेरा, वर्धा असे करत नागपुरात येऊन पोचले. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाकडे साऱ्यांचे डोळे लागले होते. त्या कापसाच्या मुलखातून लाईन आली. अमरावतीची सडक तिने धरली नाही, म्हणून वाडी बाजूला राहिली. अहो, वाडीचे काय घेऊन बसलात, खुद्द अमरावती बाजूला राहिली! लाईन बडनेऱ्यावरून गेली, आणि अमरावतीसारख्या कापसाच्या मोठ्या पेठेला पुढे बडनेऱ्याहून एक तुकडा जोडून द्यावा लागला. खामगावचीही तीच गोष्ट. तिथले लोक जलंबला उतरून खामगावच्या गाडीत बसतात.

या सगळ्या लाईनी रुंद होत्या. रुळांच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराला गेज म्हणतात. रुंद गेज ५ फूट ६ इंचांचे, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचे. लॉर्ड डलहौसीच्या काळात ते ठरले. पुढे खर्च फार होतो म्हणून सरकारने १८७० नंतर मीटर गेज सुरू केले. ते एक मीटर रुंद.

आता गंमत पाहा. नागपूरच्या पूर्वेला छत्तीसगड, धानाचे कोठार. ते धान बाहेर आणण्यासाठी सरकारने नागपूर ते राजनांदगाव अशी लाईन बांधली. १८८० ते १८८२ या काळात ती सुरू झाली. नाव नागपूर–छत्तीसगड रेल्वे. पण ती बांधली मीटर गेजची! म्हणजे राजनांदगावहून पोती भरून निघालेला डबा नागपुरात आला की पुढे जाऊ शकत नसे. समोर मुंबईची लाईन, पण ती रुंद. मग हमाल लावा, एकेक पोते या डब्यातून काढा, त्या डब्यात टाका. पोती फाटायची, धान सांडायचे, पावसात भिजायचे, आणि वेळ व मजुरी जायची ती वेगळीच. ही चूक लवकरच ध्यानात आली. १८८७ साली बेंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने दुसऱ्याच वर्षी ही लाईन ताब्यात घेऊन रुंद केली, आणि १८९१ मध्ये बंगालमधल्या आसनसोलपर्यंत नेऊन भिडवली. १९०० साली हावड्याची वाटही जुळली. मुंबईचे आणि कलकत्त्याचे रूळ नागपुरात एकाच मापाचे झाले. नागपूर व्यापाराचे मोठे केंद्र झाले त्याला हे एक कारण आहेच.

ही चूक दुरुस्त करणाऱ्या कंपनीने पुढच्या वीस वर्षांत पुन्हा तेच केले, आणि तेही जाणूनबुजून. याला कारण होते दुष्काळाचे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्यप्रांत पिळून काढला. त्याआधीच, १८८० सालच्या दुष्काळ आयोगाने सांगून ठेवले होते की जिथे धान्य वेळेवर पोचत नाही तिथे रेल्वे हा बचावाचा उपाय आहे. पण सातपुड्याचे डोंगर, वैनगंगेच्या खोऱ्यातली जंगले आणि तिथली विरळ वस्ती पाहता रुंद लाईनीचा खर्च निघणे कठीण. तेव्हा स्वस्तातली लाईन निवडली. तिचे गेज फक्त २ फूट ६ इंच. अरुंद रूळ, हलके इंजिन, लहान पूल. डोंगराच्या कडेने झटकन वळण घेता येई, म्हणून कापाकापीही कमी. १९०३ पासून गोंदिया, नैनपूर, जबलपूर अशी ही सातपुड्याची लाईन उघडत गेली. १९०८ मध्ये गोंदिया ते नागभीड आणि नागपूर ते नागभीड या दोन वाटा सुरू झाल्या. नागभीडहून दक्षिणेला मूलवरून चांद्यापर्यंत रूळ गेले, उत्तरेला नागपूर–छिंदवाडा लाईन झाली, आणि छिंदवाडा पुढे नैनपूरला जोडलेले होतेच.

गुरुजींना एक विनंती. फळ्यावर हा नकाशा काढून पाहा. नागपूरवर बोट ठेवा. तिथून वर सावनेर, सौंसर, छिंदवाडा. उजवीकडे वळून नैनपूर. खाली बालाघाट, गोंदिया. आणखी खाली वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड. आणि डावीकडे वळून भिवापूर, उमरेड, कुही, पुन्हा नागपूर. पूर्ण फेरा झाला! पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास वैनगंगेच्या साऱ्या मुलखाला वेढा घालणारे छोट्या लाईनीचे हे कडे तयार झाले होते. त्याला फाटेही होते. नैनपूरहून एक मंडल्याला जाई, एक जबलपूरला, नागभीडहून एक चांद्याला. छोट्या लाईनीचा डबा या साऱ्या प्रदेशात एकही पोते न उतरवता फिरू शकत होता. मोठ्या लाईनीशी त्याची गाठ पडे ती कडेच्या दोन-चार ठिकाणी, म्हणजे इतवारीला, गोंदियाला, जबलपूरला. तिथे मात्र हमालांना काम.

इतवारी हे नाव रविवारच्या बाजाराचे. नागपूरच्या धान्य-किराण्याची जुनी पेठ तीच. छोट्या लाईनीचे टेसन तिच्या हाकेच्या अंतरावर असल्याने कुही-भिवापूरकडचा माणूस थेट बाजारातच उतरे. या टेसनाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिलेले आहे, पण लोकांच्या तोंडी इतवारीच. इंजिनांची निगा राखायची ती जवळच मोतीबागेत.

इतवारी सोडली की कुही. मग उमरेड. उमरेडचे विणकर पूर्वीपासून नावाजलेले, आणि पुढे तिथे दगडी कोळशाची मोठी उघडी खाण निघाली. इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खाणीतला कोळसा नेण्यासाठी उमरेडला बुटीबोरीहून रुंद लाईन आणली गेली. म्हणजे कोळशाला मोठी लाईन आणि माणसांना छोटी! कोळसा बुटीबोरीवरून देशात कुठेही न थांबता जाई, आणि उमरेडचा माणूस मुंबईला निघाला तर आधी छोट्या गाडीने इतवारी, मग सामान डोक्यावर घेऊन नागपूरचे मोठे टेसन. यात कुणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. लाईन कुणासाठी बांधतात त्यावर तिची रुंदी ठरते, एवढाच त्याचा अर्थ.

उमरेडनंतर भिवापूर. भिवापुरी मिरची तुम्हांला ठाऊक असेलच. तिला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मिरचीच्या हंगामात या गाडीच्या डब्यात बसलेला माणूस शिंकल्याशिवाय घरी पोचत नसे, असे थट्टेने म्हणतात. भाजीच्या पाट्या, दुधाच्या कॅन, कोंबड्या, मोहफुलांची गाठोडी, शिकायला जाणारी पोरे, कोर्टाच्या तारखेला निघालेली म्हातारी माणसे असा तो डबा भरे. तिकीट बसच्या मानाने फार कमी. शंभर किलोमीटरांहून थोडी अधिक वाट, पण वेळ लागे चार-पाच तास. ‘चालत्या गाडीतून उतरावे, बोरे वेचावी आणि शेवटच्या डब्यात चढावे’ हा विनोद छोट्या लाईनीवरच्या प्रत्येक गावाला आपलाच वाटतो.

भिवापूरच्या पुढे ‘पवनी रोड’ नावाचे टेसन. या ‘रोड’ शब्दाकडे नीट लक्ष द्या. रेल्वेच्या भाषेत ज्या टेसनाच्या नावापुढे ‘रोड’ लागते ते टेसन त्या गावात नसते. त्या गावाला जाणारी सडक तिथून फुटते. पवनी हे वैनगंगेच्या काठचे फार जुने नगर. १९६९–७० मध्ये तिथल्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी जिथे व्यापारी आणि भिक्षू येऊन थांबत, त्या नगराच्या वाट्याला आगगाडीच्या युगात दूरचे ‘रोड’ टेसन आले. मोठ्या लाईनीवर भंडारा रोड आणि तुमसर रोड यांची हीच कथा. भंडारा जिल्ह्याचे ठाणे, पण गाडी थांबते ती वरठीजवळ. पाहुण्याला आणायला बैलगाडी पाठवायची की टांगा, यावरून घरोघरी वाद होत असतील! अशा ‘रोड’ टेसनांभोवती मग नवी वस्ती वाढते, चहा-खानावळ येते, धान्याचे अडते येतात, आणि जुने गाव आपल्या जागी राहते.

टेसनांविषयी आणखी थोडे. छोट्या लाईनीवर दर आठ-दहा किलोमीटरांवर टेसन का, असे मुले विचारतात. एक कारण प्रवाशांचे. दुसरे पाण्याचे, कारण वाफेच्या इंजिनाला तहान फार. तिसरे कारण मात्र चटकन ध्यानात येत नाही. मार्ग एकेरी. समोरून दुसरी गाडी आली तर ती कुठे जायची? म्हणून मधे-मधे दुहेरी रुळाचे टेसन हवे, जिथे एक गाडी बाजूला उभी राहील आणि दुसरी निघून जाईल. एकेरी मार्गावर दोन टेसनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असावी म्हणून चालकाच्या हातात टोकन देण्याची पद्धत होती. ते हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. पुढच्या टेसनावर ते मास्तरच्या स्वाधीन केले की मगच उलट दिशेच्या गाडीला वाट मोकळी. ज्या ठिकाणी असली सोय नसते, गाडी नुसती मिनिटभर उभी राहते, तो ‘हॉल्ट’. हॉल्टवर बहुधा मास्तर नसतो. गावातलाच एखादा एजंट कमिशनवर तिकिटे विकतो. कागदावर हॉल्ट क्षुल्लक, पण ज्या खेड्याला बस येत नाही त्याला विचारा त्याची किंमत.

आणि शेवटी नागभीड. तीन दिशांना रूळ जाणारे जंक्शन. एक नागपूरला, एक ब्रह्मपुरीवरून वैनगंगा ओलांडून वडसा व गोंदियाला, एक सिंदेवाही-मूलवरून चांद्याला. जवळच घोडाझरीचा तलाव, चहूकडे धानाची बांधी आणि जंगल. वडशाचे महत्त्व विशेष. १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा एवढ्या अफाट जिल्ह्याला रेल्वेचे दार होते ते हेच. तिथून गडचिरोलीपर्यंत नवी लाईन टाकण्याचे काम हाती घेण्यात आले ते कितीतरी उशिरा. चांद्याच्या टेसनाचीही एक मौज आहे. शहराचे नाव चंद्रपूर झाले, पण छोट्या लाईनीचे टेसन ‘चांदा फोर्ट’च राहिले. वर्ध्याकडून बल्लारशाहला जाणाऱ्या लाईनीवरचे टेसन निराळे, त्याचे नाव चंद्रपूर. दोन कंपन्यांनी दोन टेसने बांधली, आणि एका टेसनावरून दुसऱ्यावर जायचे ते प्रवाशाने आपल्या पायांनी. नागपुरात तर याची खूण अजून कायम आहे. जुन्या दोन कंपन्यांचे वारस म्हणून एकाच शहरात मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही नागपूर विभाग अशी दोन ऑफिसे आहेत.

छोटी लाईन रुंद नव्हती म्हणून मागे पडली, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. जपानचे उदाहरण घ्या. तिथली पहिली रेल्वे १८७२ साली टोकियोतल्या शिंबाशीहून योकोहामाला धावली. तिचे गेज ३ फूट ६ इंच, म्हणजे १,०६७ मिलिमीटर. आपल्या मोठ्या लाईनीच्या मानाने ती अरुंदच. ती रुंद करावी की नाही यावर तिथे वर्षानुवर्षे वाद झाला, पण सरकारी रेल्वेने बहुतेक सगळीकडे तेच एक माप ठेवले. त्यामुळे डोंगरातली किंवा समुद्रकाठची खेड्याची लाईन असो, तिचा डबा मुख्य लाईनीवर जसाच्या तसा जाऊ शके. १९६४ मध्ये शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी आली ती निराळ्या, १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवर. तेव्हा कुठे त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणात एका मापाच्या गाडीतून उतरून दुसऱ्या मापाच्या गाडीत बसण्याची वेळ आली. तेव्हा रूळ अरुंद असण्यापेक्षा ते शेजाऱ्याशी न जुळणे हे अधिक बाधते, असे मला वाटते.

आता आपल्या लाईनीचे पुढे काय झाले ते पाहा. १९९० नंतरच्या दशकात गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट ही वाट टप्प्याटप्प्याने रुंद झाली. ते योग्यच झाले. गोंदियाकडून दक्षिणेला जाण्याचा जवळचा मार्ग मिळाला, नागपूरला वळसा घालायचे कारण उरले नाही. कोरब्याहून यशवंतपूरला जाणारी ‘वैनगंगा एक्सप्रेस’ या मार्गाने धावू लागली. ज्या नदीच्या खोऱ्यात छोटी गाडी रखडत चाले तिच्या नावाची जलद गाडी आली, याचा आनंद कुणाला होणार नाही? पण त्याच दिवसापासून नागपूर–नागभीड लाईनीचा एक हात तुटला. तिचे रूळ इंचभरही हलले नव्हते, तीच टेसने, तीच गाडी. तरी नागभीडला आता तिचा डबा पुढे जाऊ शकत नव्हता. ब्रह्मपुरीहून नागपूरला येणाऱ्याला नागभीडला गाडी बदलावी लागू लागली. दुसरी गाडी गेलेली असली की पुढची येईपर्यंत फलाटावर पथारी.

मग दुसरा हातही गेला. १ डिसेंबर २०१५ पासून नागपूर–छिंदवाडा छोटी लाईन रुंदीकरणासाठी बंद झाली. नैनपूरकडच्या छोट्या लाईनीही त्याच सुमारास बंद होत गेल्या. जे कडे पूर्वजांनी जुळवले होते त्याचा एवढाच एक तुकडा, इतवारी ते नागभीड, दोन्ही टोकांना मोठ्या लाईनीच्या मधे बेटासारखा राहिला. बेटावर इंजिने सांभाळायची, त्यांचे सुटे भाग मिळवायचे, कारखाना चालू ठेवायचा. खर्च सगळा आणि मिळकत थोडी. चारच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, हीही गाडी थांबली. वऱ्हाडातल्या ‘शकुंतला’चेही भाग्य याहून निराळे झाले नाही. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी ती लाईनही शेजाऱ्यांशी न जुळणारीच होती.

छिंदवाड्याची लाईन रुंद होऊन २०२२ मध्ये तिच्यावर पुन्हा गाडी सुरू झाली. नागभीडच्या लाईनीचे रुंदीकरणही हाती घेतले गेले. वाटेत उमरेड–कऱ्हांडल्याचे अभयारण्य असल्याने वाघांच्या आणि इतर जनावरांच्या येण्याजाण्याचा प्रश्न निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. या सगळ्यात त्या वाटेवरच्या लोकांची मात्र अनेक वर्षे गाडीवाचून गेली. भाजीची पाटी घेऊन नागपूरला जाणाऱ्या बाईला बसचे भाडे परवडते की नाही, हा हिशेब कुठल्याही प्रकल्पाच्या कागदात सापडत नाही.

लाईन रुंद होण्याने जोड मिळते, हे मी वर सांगितले. पण एक धोकाही असतो. छोटी गाडी हळू जाई म्हणून प्रत्येक गावाला थांबे. मोठी गाडी जोरात जाते म्हणून तिला थांबायला नको असते. रुंदीकरणात फलाट लांब बांधावे लागतात, इमारती नव्या लागतात, आणि मग कमी प्रवाशांचे हॉल्ट गाळावेत असा विचार साहजिकच पुढे येतो. ज्या गावाने शंभर वर्षे छोटी गाडी पाहिली त्याच्या शेतातून नवी मोठी गाडी न थांबता निघून गेली, तर त्या गावाला सुधारणा झाली असे कसे वाटावे?

इथेही जपानकडे पाहण्यासारखे आहे. तिथल्या सरकारी रेल्वेने तोट्यातल्या खेड्यांच्या लाईनी सोडून देण्याचे ठरवले तेव्हा काही ठिकाणी प्रांत, गावे आणि खासगी भागधारक यांनी एकत्र येऊन कंपनी काढली आणि लाईन आपल्या हाती घेतली. इवाते प्रांताच्या समुद्रकाठची सान्रिकु रेल्वे ही त्यांतली आरंभीची. ती १९८४ मध्ये सुरू झाली. ११ मार्च २०११ रोजी त्या किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. रूळ वाहून गेले, टेसने नाहीशी झाली. तरी पाचव्या दिवशी, १६ मार्चला, त्या कंपनीने शाबूत राहिलेल्या एका लहान तुकड्यावर गाडी सोडली, आणि लोकांकडून पैसेही घेतले नाहीत. लाईन गावांची होती म्हणून हे सुचले, असे मला वाटते. आपल्याकडे रेल्वे केंद्र सरकारची, तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी लागू होणार नाही. परंतु कोणता हॉल्ट ठेवायचा, बस आणि गाडी यांच्या वेळा कशा जुळवायच्या, एवढे तरी त्या त्या तालुक्याच्या लोकांना विचारायला काय हरकत आहे? ग्रामपंचायतींनीही ठराव करून पाठवावा. नुसते ‘गाडी केव्हा सुरू होणार’ असे विचारून थांबू नये. ‘आमच्या गावी थांबणार का, आणि नागभीडला गोंदियाच्या गाडीशी वेळ जुळणार का’ हेही विचारावे.

शिक्षकांसाठी एवढे सांगतो. नागपूरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी छोट्या लाईनीचे संग्रहालय उघडले. जुनी इंजिने, डबे, दिवे, टेसनांवरची सामग्री तिथे जपून ठेवली आहे. वाडीहून काय, उमरेडहून काय, सहल नेता येण्याजोगे हे ठिकाण आहे. जाताना एक मोजपट्टी बरोबर घ्या. मुलांना छोट्या लाईनीच्या दोन रुळांमधले अंतर मोजू द्या, ७६२ मिलिमीटर भरते का पाहू द्या. मोठ्या लाईनीच्या रुळांवर मात्र मुलांना उतरवू नका. तिचे १,६७६ मिलिमीटर शाळेत परतल्यावर अंगणात खडूने आखून घ्या आणि छोट्या लाईनीचे माप त्याच्या आत आखा. मग एका मुलाला छोट्या लाईनीत उभे करून दप्तराची थप्पी त्याच्या हातात द्या, आणि ती मोठ्या लाईनीतल्या मुलाच्या हातात एकेक करून द्यायला सांगा. वर्गातली सगळी दप्तरे इकडून तिकडे जायला किती मिनिटे लागली, ते वहीत लिहून ठेवा.